गोणीतून थेट खाडीत

मायक्रोप्लास्टिक म्हटलं की झिजलेल्या बाटल्या आणि फाटक्या पिशव्या आठवतात. माझं काम प्लास्टिकच्या कारखान्यांच्या पर्यावरण तपासणीचं. तिथे कच्चा मालच 5 मिलिमीटरपेक्षा लहान असतो. त्याला धंद्यात सगळे ‘दाणा’ म्हणतात.

ठाणे जिल्ह्यातल्या एका मोल्डिंगच्या कारखान्यात गेलो त्या दिवशी पावसाळ्यातली पहिली मोठी सर आली. कागदपत्रं चोख होती, सांडपाणी सीईटीपीला, म्हणजे कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, जात होतं. पाऊस ओसरल्यावर मागच्या अंगणात गेलो, तर पावसाळी गटारात पांढरा पट्टा वाहत होता. ओंजळभर उचललं. साबुदाण्याएवढे पारदर्शक दाणे, मधेमधे निळा मास्टरबॅच (प्लास्टिकला रंग देणारा दाणा), ग्राइंडरमधला चुरा. बादलीतल्या पाण्यात टाकलं. पॉलिप्रोपिलिन वर तरंगलं, काचेचे तंतू मिसळलेला काळा नायलॉन तळाला गेला. म्हणजे डोळ्यांना दिसतो तो फक्त तरंगणारा माल. बाकीचा नाल्याच्या गाळात बसतो.

उगम शोधायला फार फिरावं लागलं नाही. फोर्कलिफ्टचं पातं लागून गोणी फाटलेली, हॉपर (मशीनवरचं दाणा ओतायचं नरसाळं) भरताना सांडलेला माल, आणि एअरगनने साफ केलेली मशिनं. झाडणाऱ्या मावशींना विचारलं, “हे गोळा करून ठेवत नाही का?”

“ठेवायचे की साहेब. पण मळका दाणा मशीनला चालत नाही म्हणतात. मग गटारात लोटते.”

त्यांचं काय चुकलं? शेठच्या हिशेबात हा माल घटीत धरलेला असतो. 25 किलोच्या एका गोणीत दहा लाखांच्या आसपास दाणे मावतात, त्यामुळे किलोभर घट म्हणजेही हजारो दाणे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की पावसाळी गटार सीईटीपीला जोडलेलंच नसतं. ते थेट नाल्यात आणि तिथून खाडीत जातं. आम्ही बीओडी, सीओडी, पीएच अशी सांडपाण्याची प्रदूषणाची मापं तपासतो ती दुसऱ्याच पाइपमधली. मे 2025 मध्ये केरळच्या समुद्रात एमएससी एल्सा-3 हे मालवाहू जहाज बुडालं आणि असेच दाणे किनाऱ्यावर आले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. गटारातून वर्षभर जाणाऱ्या मालाचा साधा पंचनामाही होत नाही. जपानमध्ये शास्त्रज्ञ ताकादांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं होतं, की समुद्रातल्या अशा दाण्यांवर पीसीबी ही विषारी औद्योगिक रसायनं आणि डीडीटी या कीटकनाशकापासून तयार होणारं डीडीई साचत जातं. ते माशांच्या पोटात जाऊ शकतं, ही मला खरी काळजी वाटते.

शेठ ऐकणारे निघाले. अहवालात मी तीन गोष्टी लिहिल्या: हॉपरखाली ट्रे, एअरगनऐवजी व्हॅक्यूम आणि गटाराच्या तोंडाशी जाळी. जाळी एकच बसवली की पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि कुणीतरी ती उचलून बाजूला ठेवतं. म्हणून आधी पानांसाठी मोठ्या छिद्रांची, तिच्यापुढे 1 मिलिमीटरची, आणि दोन्ही रोज साफ करायला ठरलेला माणूस. मळका दाणा वेगळ्या पोत्यात भरून रीप्रोसेसिंगवाल्याला द्यायचं मावशींसमोरच ठरलं.