हॉकी जगभर कुणी नेली?

हॉकी कुठे सुरू झाली हे शोधायला बसलं की पहिल्यांदा इजिप्त येतं. बेनी हसनला एका थडग्याच्या भिंतीवर दोन माणसं वाकड्या काठ्या एकमेकांना भिडवून उभी आहेत, मधे चेंडू, आणि चित्र साधारण चार हजार वर्षांपूर्वीचं. मग अथेन्सचं एक शिल्प येतं, इसवी सनापूर्वी पाचशेच्या आसपासचं, त्यातही जवळपास तसंच. छान आहेत दोन्ही, पण काठी आणि चेंडू हातात आला की पोरं कुठेही खेळणारच, त्यामुळे आजच्या हॉकीचं मूळ मी तरी तिथे धरत नाही. ते लंडनच्या आसपास आहे, आणि त्यात मोठा हात क्रिकेटवाल्यांचा.

ब्लॅकहीथला एक क्लब होता, १८६० च्या सुमाराला ते लोक चेंडूऐवजी रबराचा ठोकळा घेऊन खेळायचे आणि खेळ चांगलाच रांगडा होता. मग १८७१ मध्ये टेडिंग्टनच्या क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात खेळायला काहीतरी पाहिजे होतं, त्यांनी ठोकळा ठेवला बाजूला आणि सरळ क्रिकेटचा बॉल घेतला, गोल कुठून मारायचा त्यालाही हद्द घातली, आपण जिला आज 'डी' म्हणतो ती. माझ्या मते खरी हॉकी इथे जन्मली, कारण ठोकळा ड्रिबल करता येत नाही, म्हणजे काठीने हळूहळू टोलवत पुढे नेता येत नाही. १८८६ मध्ये हॉकी असोसिएशन झाली, १८९५ मध्ये आयर्लंड-वेल्स अशी पहिली इंटरनॅशनल मॅच झाली आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकी आली. त्यात टीम किती, तर सहा, आणि त्यातल्या चार ब्रिटनच्याच: इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स. फायनलला इंग्लंडने आयर्लंडला ८-१ हरवलं. म्हणजे सगळा घरातलाच कारभार.

बायकांचं तर वेगळंच. १८९५ मध्ये इंग्लंडच्या बायकांनी आपली संघटना काढली, पुरुषांच्या असोसिएशनने त्यांना जवळ केलं नाही, मग त्यांनी आपलं आपण चालवलं आणि उत्तम चालवलं. १९०१ मध्ये कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या बाई अमेरिकेला गेल्या, हार्वर्डला समर स्कूलमध्ये खेळ करून दाखवला, मग एकेका मुलींच्या कॉलेजात जाऊन शिकवला. अमेरिकेत आजही मैदानावरची हॉकी म्हणजे मुलींचा खेळ असं समजतात त्याचं कारण ही एक बाई. शाळांमधून तिचा पुतळा असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून हॉकी काढून टाकली होती, कारण तिला आंतरराष्ट्रीय संघटनाच नव्हती. मग पॉल लिओते या फ्रेंच माणसाने त्याच वर्षी सात देश जमवून एफआयएच, म्हणजे हॉकीची आंतरराष्ट्रीय संघटना, उभी केली. त्या सातात इंग्लंड नाही हे लक्षात घ्या.

इकडे तोपर्यंत पलटणींबरोबर खेळ आपल्या छावण्यांमध्ये कधीच रुजला होता. कलकत्त्यात बेटन कप १८९५ पासून, मुंबईत आगा खान कप त्याच्या पुढच्याच वर्षापासून. सैन्य, रेल्वे, मिशनच्या शाळा, या तीन जागी हॉकी वाढली. आपल्याकडे खडकीच बघा ना, तिथला बाबू निमल १९३६ च्या बर्लिनच्या गोल्ड मेडलवाल्या टीममध्ये होता आणि नंतर त्याच खडकीने धनराज पिल्ले दिला. १९२८ ला ॲम्स्टरडॅममध्ये भारत पाच मॅच खेळला, २९ गोल मारले, त्यातले १४ एकट्या ध्यानचंदचे, आणि अंगावर एकही गोल घेतला नाही. गोलकीपर होता रिचर्ड ॲलन, जन्म नागपूरचा! नागपूरकरांनाही हे फारसं माहीत नसतं. १९२८, १९३२, १९३६ या तिन्ही वेळेला ग्रेट ब्रिटनची टीम उतरलीच नाही, ती समोर आली थेट १९४८ मध्ये, वेम्बलीच्या फायनलला, आणि स्वतंत्र होऊन एकच वर्ष झालेल्या भारताने ४-० ने मॅच काढली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या सगळ्यांना थोडीफार माहीत असते. पुढची माहीत नसते आणि मला तीच जास्त जवळची वाटते.

पूर्व आफ्रिकेत रेल्वे आली, सरकारी कचेऱ्या आल्या आणि कारकुनीला गेले गोंयकार. नैरोबीत त्यांचे क्लब होते, शीख लोकांचा सिख युनियन होता, ऑफिस सुटलं की मैदान, शनिवार-रविवारी मॅचेस, क्लबाक्लबांत जबरदस्त चुरस. त्यातून केनियाची टीम तयार झाली. १९५६ पासून ऑलिंपिकच्या त्या टीमची नावं वाचा, अर्धी पंजाबी आणि अर्धी गोव्याची वाटतील: आलू मेंडोन्सा, हिलरी फर्नांडिस, अवतारसिंग सोहल. १९६४ ला टोकियोत केनिया सहावा आला, १९७१ च्या पहिल्या वर्ल्ड कपला बार्सिलोनात चौथा, तिसऱ्या नंबरच्या मॅचला आपल्याशीच २-१ ने हरला. वाट उलटीही होती, १९४८ चा आपला गोलकीपर लिओ पिंटो हा जन्माने नैरोबीचा.

अशीच दुसरी वाट ऑस्ट्रेलियाची. जबलपूरचं पीअर्स कुटुंब, अँग्लो-इंडियन, १९४७ मध्ये पर्थला गेलं. पाच भाऊ आणि पाचही ऑस्ट्रेलियाकडून खेळले, एरिक तर चार ऑलिंपिक खेळला. ऑस्ट्रेलियाला हॉकीचं पहिलं मेडल १९६४ ला मिळालं, ब्राँझ, मग १९६८ ला सिल्व्हर, आणि दोन्ही टीममध्ये एरिक होता. आता ऑस्ट्रेलिया आपल्याला हरवते तेव्हा मला वाईट वाटतं, पण ते खेळायला शिकले त्यात जबलपूरच्या मैदानांचाही वाटा आहे हे मी विसरू शकत नाही.

आणि माणसं गेली की खेळही जातो. साठच्या दशकाच्या शेवटी केनियात नोकऱ्या, परवाने, नागरिकत्व सगळंच कठीण झालं, लोक इंग्लंडला, कॅनडाला निघाले. युगांडाचं तर त्याहून वाईट, १९७२ च्या ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने एशियन, म्हणजे मुख्यतः आपल्याकडून गेलेल्या लोकांना देश सोडायला सांगितलं आणि त्याच महिन्यात म्युनिक ऑलिंपिकला युगांडाच्या हॉकी टीममधून तेच एशियन लोक खेळत होते. त्या मॅचेसच्या आदल्या रात्री त्यांना झोप कशी लागली असेल? १९७६ पासून ऑलिंपिकची हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली, पैसा लागायला लागला, खेळाडू तर आधीच गेलेले. १९८८ नंतर केनियाची पुरुषांची टीम ऑलिंपिकला पोचलेली नाही.

गोव्यात, मुंबईत, टोरंटोत, लंडनमध्ये त्या नैरोबीवाल्यांपैकी जे आहेत ते आता खूप म्हातारे झालेत. कोकणी-मराठीत त्यांच्याशी बसून कुणीतरी बोललं पाहिजे, रेकॉर्ड केलं पाहिजे. तुमच्या घरात, वाड्यावर कुणी असेल तर फोन काढा आणि आधी त्यांना विचारा की त्या वेळी स्टिक कुठून मागवायचे, सुट्टी कोण द्यायचं, सिख युनियनशी मॅच असली की काय व्हायचं.