डावा कान सहा मिलिमीटर वर

संध्याकाळी साडेसहाला रंगीत तालीम, आणि सकाळी नऊला माझ्यासमोर हेल्मेट नव्हतं, हेल्मेटचं खोकं होतं. नाटकात अंतराळातला एक सैनिक आहे. पूर्ण चेहरा झाकणारं त्याचं पांढरं चकचकीत हेल्मेट किट म्हणून मागवलं होतं. 'किट' ऐकून आमच्या व्यवस्थापकांची समजूत अशी झाली होती, की दोनचार खटके दाबले की काम संपलं. खोकं उघडलं तर आत प्लास्टिकच्या चार ओबडधोबड साली निघाल्या: चेहरा, डोक्यामागचा भाग आणि दोन कान. शिवाय एका पिशवीत कपाळावरची रबरी पट्टी, डोळ्यांसाठी हिरवट प्लास्टिकचा तुकडा आणि मूठभर स्क्रू. सूचना म्हणून एक कागद होता, त्यावर तयार हेल्मेटचा फोटो. लग्नाच्या अल्बमकडे बघून स्वयंपाक शिकण्यातला प्रकार.

या साली एबीएस प्लास्टिकच्या असतात. पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, की तो साच्याला चिकटून बसतो. यात पत्रा जिथे जास्त ताणला जातो तिथे पातळ होतो. कपाळावर दोन मिलिमीटर जाड असलेलं प्लास्टिक डोळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात एक मिलिमीटरही उरलेलं नव्हतं. उजेडासमोर धरलं की पातळ जागा लगेच कळतात. मी त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल केले आणि माझ्या मदतनिसाला बजावलं, "इथे कानस जपून."

कडा कापताना पातं आरपार घालायचं नसतं. रेघेवरून हलक्या हाताने तीनचार वेळा फिरवायचं आणि वाकवायचं, कट् आवाज करून तुकडा बरोबर रेघेवर सुटतो. हे त्याला छान जमलं. डोळ्यांची भोकं मात्र अशी तुटत नाहीत. तिथे ओळीने बारीक छिद्रं पाडून मधला भाग काढावा लागतो आणि मग कानशीने कड साफ करावी लागते. अकराच्या सुमाराला मागून "ताई..." असा आवाज आला आणि न बघताच मला कळलं. मी गोल केलेल्या जागीच, उजव्या डोळ्याखाली, नखाएवढी भेग. कापून पडलेले तुकडे मी कधीच टाकत नाही ते याच दिवसासाठी. ॲसिटोनमध्ये एबीएसचे तुकडे विरघळवले की दाट लापशी होते. आतून कातरणीची पट्टी लावली, वर ती लापशी भरली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तो तुकडा बाजूला ठेवून दिला. नीट कडक व्हायला रात्र लागते. आमच्याकडे रात्र नव्हती, म्हणून पट्टीवरच भिस्त.

खरं घोडं पेंड खायला लागलं ते जोडणीत.

मी या कामात अकरा वर्षं आहे आणि मापाबाबत थोडी गर्विष्ठ आहे. चेहरा आणि मागचा भाग दोन्ही बाजूंना एकमेकांवर चढतात, तिथे आधी मास्किंग टेप लावायची आणि मग दोन्हीकडे एकेकच स्क्रू घालायचा. एका स्क्रूवर भाग बिजागरीसारखा फिरतो, म्हणून चेहरा थोडा वर, थोडा खाली करून बघता येतो. ही चारपाच मिलिमीटरची जागा म्हणजे सैनिकाचा स्वभाव. डोक्याचा भाग वर गेला तर तो दचकल्यासारखा दिसतो, खाली आला तर रागावल्यासारखा. मला रागाच्या किंचित अलीकडचा हवा होता. तो सापडला. मग हेल्मेट टेबलावर ठेवलं, माथ्यावरून ओळंबा सोडून मधली रेघ आखली, गुण्या लावला आणि दोन्ही कान टेबलापासून बरोबर सारख्या उंचीवर टेपने चिकटवले. पट्टीने तीनदा मोजलं. फरक शून्य.

दोन पावलं मागे सरकून बघितलं, तर हेल्मेटला अर्धांगाचा झटका आल्यासारखं दिसत होतं.

पुन्हा मोजलं. शून्य. मोबाइलवर फोटो काढला, तर त्यात नाकच भोपळ्याएवढं. चूक माझीच, जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि कान मागे पळतात. तीन मीटर लांब जाऊन झूम करून काढला, तेव्हा वाकडेपणा आणखी स्वच्छ दिसला. मग आरसा आणला. तासभर एकाच चेहऱ्याकडे बघून डोळा त्याला सरावतो आणि दोष गिळून टाकतो. आरशात बाजू उलटल्या की तोच चेहरा परका होतो आणि दोष ओरडायला लागतात. इथे तर अक्षरशः किंचाळले. डावा गाल उजव्यापेक्षा भरलेला होता आणि डावा डोळा वर. साचाच मुळात वाकडा. कोणीतरी हाताने घडवलेला, आणि हाताने घडवलेले चेहरे असेच असतात. वर भर म्हणजे खालची कड आम्हीच उजवीकडे जास्त कापली होती. म्हणजे ज्या टेबलाला मी शून्य धरलं होतं, त्यावर हेल्मेट मुळात कलूनच उभं होतं.

दीड वाजला होता. मी सैनिकाचं काम करणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं आणि आहे तसं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"काय दिसतंय?"

"बूट," तो आतून म्हणाला. "माझेच."

आत गादी नसल्यामुळे हेल्मेट खाली घसरलं होतं आणि डोळ्यांची भोकं गालांवर आली होती. माथ्याला पंचवीस मिलिमीटर फोम लावला तेव्हा त्याला समोरची भिंत दिसली. पण हेल्मेट आता उजवीकडे झुकलं होतं, आणि यात साच्याचा काही दोष नव्हता. मी फोम काढला, लावला, पुन्हा काढला. शेवटी कोपऱ्यात मशीनवर बसलेले आमचे शिंपी मास्तर मान वर न करता म्हणाले, "अगं, तो मुलगाच मान उजवीकडे कलती ठेवतो. त्याच्या कोटाच्या उजव्या खांद्यात मी कापूस जास्त भरलाय. विचारायचंस तरी."

गेले तीन आठवडे त्या मुलाला मी रोज बघत होते. त्याचा चष्मा नेहमी कलता असतो हेही बघितलं होतं. पण माप मास्तरांनी घेतलं होतं आणि मी घेतलं नव्हतं, फरक एवढाच.

मग टेबल सोडलं. मुलाला स्टुलावर बसवलं, उजव्या बाजूला सहा मिलिमीटर फोम जास्त लावला, मानेमागे एक गादी दिली आणि त्याला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगितलं. आता माझं शून्य म्हणजे हेल्मेटच्या दोन डोळ्यांना जोडणारी रेघ. ती आडवी झाली की बाकी सगळं तिच्या हिशोबाने. कान टेपवर सैल ठेवले. मी त्याच्याकडे पाठ करून आरशात बघत होते, मदतनीस कान धरून उभा होता आणि मी "डावा वर... अजून... बस, उतर थोडा" असं बोलत होते. आत उकडायचं, म्हणून दर पाच मिनिटांनी हेल्मेट काढावं लागे आणि प्रत्येक वेळी पेन्सिलच्या खुणांवर परत बसवावं लागे. कान गालावर सपाट बसत नव्हता. तिथे धीर लागतो: पॉलिश पेपरचे चार हात, लावून बघ, पुन्हा चार हात. एकदम घासलं की फट पडते, आणि फट काही परत भरून येत नाही.

साडेचारला आरशातला सैनिक सरळ दिसला. तेव्हा कुठे बाकीची भोकं पाडली. ड्रिल हळू फिरवत, कारण वेग वाढला की एबीएस कापलं जात नाही, वितळून पात्याला चिकटतं. रिव्हेट मारायचा मोह झाला होता, पण स्क्रूच ठेवले आणि मागे वॉशर घातले. रिव्हेट चुकला की ड्रिलने उडवावा लागतो, आणि पातळ जागी दुसऱ्यांदा ड्रिल घालण्याची हिंमत माझ्यात त्या दिवशी नव्हती.

साडेपाचला व्यवस्थापक आले. हेल्मेट टेबलावर होतं. त्यांनी डोळे बारीक केले, खिशातून टेप काढली (हा माणूस टेप बरोबर घेऊन फिरतो) आणि म्हणाले, "डावा कान सहा मिलिमीटर वर आहे."

"हो," मी म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "साहेब, ते टेबल नाटकात काम करणार आहे का?"

तालमीत सैनिक दुसऱ्या अंकात आला. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. दिव्यांखाली ते डोकं सरळ होतं, निदान मला तरी खोट सापडली नाही. उजव्या डोळ्याखालची भेग तिथून दिसत नव्हती. दिसत होतं ते असं, की चौथ्या मिनिटाला तो मुलगा चाचपडत चालायला लागला. लेन्सवर आतून वाफ धरली होती. छोटा पंखा बसवायचा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, घामाने भिजलेलं, आणि म्हणाला, "ताई, या वेळी बूट दिसले नाहीत. काहीच दिसलं नाही."

सकाळी पंखा घेऊन आले. हेल्मेट टेबलावर आता अगदी सरळ उभं होतं. वाकून बघितलं, तर उजव्या कडेखाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली होती.