आखणीला बसले तेव्हा

गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, माती मळायला घरातलं कुणीही बसतं, पितांबर रंगवायला तर शेजारची पोरंही येतात. आखणी, म्हणजे डोळे-भुवया काढणं, हे मात्र एकाच हाताचं काम. कणकवलीजवळच्या आमच्या शाळेत तो हात मामंजींचा. त्यांचा मोतीबिंदू वाढला आणि कुंचला माझ्याकडे आला. तोही नेमका २०२५ साली.

नेमका अशासाठी की त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. त्याच्या दोन वर्षं आधी अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला गेली होती, शिवाय तो ऑगस्ट कोरडा गेला, मूर्ती निवांत वाळल्या. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन पोचला. शाडू बाहेरून पांढरी दिसते, पण आत ओल धरून बसते आणि त्यावर रंग दिला की पुढे पोपडे सुटतात. बरं, हॅलोजन जवळ लावून घाई करावी तर सोंडेला तडा. प्लास्टरवाल्यांना ही कटकट नाही. आम्ही आपले रात्री उठून मूर्ती फिरवत होतो, एका बाजूने ऊब लागू नये म्हणून.

अंगाचा रंग, सोवळं, शेला, दागिने झाले की मूर्ती आखणीला येते. मी सकाळीच बसायचे, दाराशी. बल्बच्या उजेडात पापणीच्या उंचवट्याची सावली पडते आणि रेघ कुठे संपली ते कळत नाही. मधे सोंड, बाजूला वर केलेला हात, त्यामुळे कुंचला सरळ जातच नाही. एक काठी आडवी धरायची, तिच्यावर मनगट टेकायचं आणि श्वास रोखून रेघ ओढायची.

आधी डोळ्यात पांढरा, तोही थोडा पिवळा मिसळून, नाहीतर डोळा चुन्यासारखा दिसतो. कोपऱ्यात फिकट गुलाबी. मग तपकिरी बुबूळ, त्यात काळा, वरच्या पापणीची रेघ आणि शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जायचं नाही. प्रत्येक रंग दोन्हीकडे बरोबरच द्यायचा.

मामंजी मागे खुर्चीत. दिसत कमी असलं तरी बोलणं कमी नव्हतं. ‘‘बाये, बुबूळ आख्खा दाखव नको. वटारल्यासारखा दिसता.’’ बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली गेला की चेहरा शांत होतो, हे मी वर्षानुवर्षं बघत होते. स्वतः काढताना मात्र हात पूर्ण गोलच काढायला धावतो. आणि नजर थोडी खाली हवी. आपण मूर्तीसमोर तोंडाला तोंड लावून रंगवतो, पण घरी ती माटवीखाली, म्हणजे वर टांगलेल्या सजवलेल्या लाकडी चौकटीखाली, चौरंगावर बसणार आणि माणसं खाली जमिनीवर. म्हणून पहिला रंग वाळला की मूर्ती स्टुलावर ठेवायची, आपण खाली मांडी घालून बसायचं आणि बघायचं. आपल्याकडे बघतोय का? डोक्यावरून बघत असेल तर ओल्या कापडाने पुसून परत.

मुंबईहून आलेला एक चाकरमानी मोबाइलवर लालबागच्या राजाचा फोटो दाखवून ‘‘वहिनी, अस्से डोळे करा’’ म्हणाला. त्या मूर्तीची उंची केवढी, माणसं बघतात किती लांबून! दीड फुटाच्या मूर्तीला तसे डोळे काढले तर पोरं घाबरतील. मी हो म्हटलं आणि आमच्या पद्धतीनेच काढले. न्यायला आला तेव्हा खूश होता.

आदल्या दिवसापासून माणसं येऊ लागली. पाट आधीच देऊन ठेवलेले, त्यांवर नावं. मूर्ती उचलायच्या आधी नारळ, विडा आणि पैसे ठेवतात. दर ठरतो तो मूर्तीच्या उंचीवर. माती आणि रंग किती महागले यावर घासाघीसही होते. आखणीचे वेगळे पैसे कुणी धरत नाही, आणि आम्हीही मागत नाही.