बोल कुणाला लागतो?

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात अलाबामा राज्यात दोनच जाती उरतात: अलाबामावाले आणि ऑबर्नवाले, म्हणजे तिथल्या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे चाहते. एकाच घरात दोन्ही असले तर जेवणाचं टेबलही तापतं. पण जानेवारीत अलाबामाची गाठ ओहायो स्टेटशी पडली, की ऑबर्नच्या चाहत्यांतलेही काही जण टीव्हीसमोर ‘एस-ई-सी! एस-ई-सी!’ असं ओरडू लागतात. भावकीचं भांडण बांधापुरतं. बाहेरचा आला की आडनाव एक. एसईसी म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, 16 विद्यापीठांचं कूळ. आपल्या संघाचं नाव सोडून कुळाच्या नावाने घोषणा देणारे प्रेक्षक इतर खेळांत क्वचितच दिसतील.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्स म्हणजे घराणं. (नावांवर जाऊ नका: ‘बिग टेन’मध्ये आज 18 संघ आहेत आणि ‘बिग 12’मध्ये 16.) स्थळ बघताना मुलगा काय करतो हे मागाहून, आधी घर कोणतं ते विचारतात. तसंच इथे किती जिंकलात यापेक्षा कुणात राहून जिंकलात ते आधी बघतात.

घराण्याची पारख करायला सामग्री मात्र फार तुटपुंजी. नियमित हंगामात 12 सामने, त्यातले 8 किंवा 9 आपल्याच कॉन्फरन्समधले. आणि घरातल्या घरात खेळलेल्या सामन्यांतून घराण्याबद्दल काहीच कळत नाही. 16 संघ प्रत्येकी 8 सामने आपसात खेळले तर 64 विजय आणि 64 पराभव होणारच, मग कॉन्फरन्स तगडी असो की पोचट. ‘सगळे एकमेकांना हरवतात, म्हणजे सगळेच भारी’ आणि ‘म्हणजे सगळेच सुमार’ ही दोन्ही विधानं त्याच तक्त्यातून काढता येतात. उरलेल्या तीन-चार सामन्यांत एखादा खालच्या पातळीवरचा संघ पैसे देऊन बोलावलेला असतो. त्याला 50 गुणांनी लोळवून काय सिद्ध होणार? परक्या तुल्यबळाशी खरी झटापट हंगामात एखादीच. म्हणून सगळा भार डिसेंबर-जानेवारीत परक्या कॉन्फरन्सशी होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांवर आणि विजेतेपदासाठीच्या प्लेऑफवर येतो. शितावरून भाताची परीक्षा. फक्त भात एका पातेल्यात शिजलेला असतो, आणि हे 16 संघ 16 चुलींवरचे.

8 जानेवारी 2007, ग्लेनडेल, ॲरिझोना. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. बिग टेनचा ओहायो स्टेट हंगामभर अव्वल आणि अपराजित. समोर एसईसीचा फ्लोरिडा. सलामीची किक टेड गिन ज्युनियरने झेलली आणि 93 यार्ड पळून थेट टचडाउन केला. पुढे काय झालं? ओहायो स्टेटच्या आक्रमणाला संपूर्ण सामन्यात मिळून जेमतेम 82 यार्ड पुढे सरकता आलं. सर्वोत्तम खेळाडूचा त्या वर्षीचा हाइझमन पुरस्कार मिळवलेला क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) ट्रॉय स्मिथ याने 14 पास टाकले, पोचले 4, यार्ड 35. निकाल 41-14.

याला कारणं होती. मिशिगनला हरवल्यापासून ओहायो स्टेट 51 दिवस एकही सामना खेळला नव्हता. फ्लोरिडाने मधल्या काळात एसईसीची अंतिम लढत खेळली होती. टचडाउनच्या जल्लोषात सहकारी अंगावर कोसळून गिनचा पाय दुखावला आणि संघातला सगळ्यात वेगवान माणूस बाहेर बसला. पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच: बिग टेन मंद आहे. आठवडाभर आधीच रोझ बोलमध्ये बिग टेनचंच मिशिगन कॅलिफोर्नियाच्या यूएससीकडून 18-32 हरलं होतं, म्हणजे दुसरं शीतही कच्चंच निघालं.

‘बोल’ हे नाव वाडग्यासारख्या स्टेडियमवरून पडलं. आपल्याकडे बोल लागतो तो दोषाचा, आणि तो अर्थ या सामन्यांना जास्त शोभतो.

2006 ते 2012 असे सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद एसईसीकडेच राहिलं, आणि ही पत वटवली कशी गेली ते 2011 मध्ये दिसलं. एलएसयूने (लुइझियाना स्टेट) नोव्हेंबरात अलाबामाला 9-6 हरवलं होतं. तरी अंतिम सामन्यासाठी एकच पराभव झालेला बिग 12चा विजेता ओक्लाहोमा स्टेट मागे राहिला आणि अलाबामालाच पुन्हा एलएसयूसमोर उभं केलं. दोन्ही एकाच कॉन्फरन्सचे! अलाबामा 21-0 जिंकलं. ओरड एवढी झाली की चार संघांच्या प्लेऑफची वाट त्यातून मोकळी झाली.

त्या प्लेऑफच्या पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर 2014 मध्ये निवड समितीची पहिली क्रमवारी आली, तेव्हा पहिल्या चारांत तीन संघ एसईसीच्या पश्चिम गटातले होते. बोल हंगामात याच गटातले सातपैकी पाच हरले. बिग 12च्या टीसीयूने त्यातल्या ओल मिसला 42-3 धुतलं. ओहायो स्टेटने तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक घेऊन, शुगर बोलमध्ये 6-21 असं पिछाडीवरून अलाबामाला 42-35 हरवलं आणि मग विजेतेपदही नेलं. आठ वर्षं चिकटलेलं ‘मंद’ हे लेबल त्या रात्री निघालं.

हल्ली मात्र बोल सामन्यांच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नये. 2016 च्या अखेरीस लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅककॅफ्री यांनी व्यावसायिक कारकीर्द जपण्यासाठी बोल सामन्यातून माघार घेतली, आणि पुढे ती रीतच पडली. दुसरीकडे डिसेंबरात प्रशिक्षक नोकऱ्या बदलतात, खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून दुसरं विद्यापीठ गाठतात. एसीसीचा (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) विजेता फ्लोरिडा स्टेट 2023 मध्ये 13-0 (13 विजय, पराभव शून्य) असूनही, क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यामुळे प्लेऑफमधून वगळला गेला. मग ऑरेंज बोलमध्ये वीसहून अधिक खेळाडू गैरहजर, आणि एसईसीच्या जॉर्जियाकडून 63-3 असा पराभव. हा आकडा ‘एसीसीची लायकी’ म्हणून तोंडावर मारला जातो. पण त्या दिवशी मैदानावर होता तो 13-0 वाला संघ नव्हताच. निकाल वाचण्याआधी कोण खेळलं नाही याची यादी वाचावी. मग सामना कुठे झाला ते बघावं: न्यू ऑर्लिन्स, मायामी, ऑर्लँडो ही एसईसीची परसदारं, आणि मिशिगनहून येणाऱ्याला तो परमुलुख.

तरीही घराण्याची पत पुढच्या हंगामात मुरते. ऑगस्टमध्ये, एकही सामना न होता, एपी या वृत्तसंस्थेची पहिल्या 25 संघांची यादी येते. त्यात ज्या कॉन्फरन्सचे संघ जास्त, त्यांच्या प्रत्येक आपसातल्या सामन्यात जिंकणाऱ्याला ‘मानांकित संघावर विजय’ मिळतो आणि हरणाराही फार खाली घसरत नाही. गेल्या जानेवारीचं व्याज नोव्हेंबरपर्यंत चालू. शिवाय रोख हिशेबही आहे: 2024 आणि 2025 च्या हंगामांत 12 संघांच्या प्लेऑफमध्ये नुसती जागा मिळाली की 40 लाख डॉलर होते, आणि पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या संघामागे एकूण 2 कोटी. पैसे संघाला नव्हे, कॉन्फरन्सला मिळायचे. ऑबर्नवाल्याची ती घोषणा अगदीच निःस्वार्थी नसते.

2024 च्या डिसेंबरात तीन पराभवांचा अलाबामा वगळून प्लेऑफमध्ये एसीसीच्या एसएमयूला घेतलं तेव्हा दक्षिणेत बरीच बोंबाबोंब झाली. एसएमयू 10-38 हरल्यावर तर ‘बघा, सांगत होतो’ सुरू झालं. 31 डिसेंबरला अलाबामा नावाजलेले खेळाडू नसलेल्या मिशिगनकडून 13-19 हरलं. तरी पुढच्या ऑगस्टच्या यादीत एसईसीचे 10 संघ होते आणि अलाबामा आठवं. पहिल्याच शनिवारी, आदल्या वर्षी 2-10 राहिलेल्या फ्लोरिडा स्टेटने त्याला 31-17 हरवलं. हंगामाअखेर तीन पराभव जमा होऊनही या वेळी समितीने अलाबामाला आत घेतलं. 1 जानेवारी 2026 ला रोझ बोलमध्ये गाठ पडली बिग टेनच्या इंडियानाशी, ज्याला फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं कुणी मोजतही नव्हतं. निकाल 38-3, इंडियानाच्या बाजूने.