शिळ्या भातावर माझी एम.एस्सी.

मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले गेले तेव्हा वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी भारदस्त आलं. कुणाला नदीच्या पाण्यातले औषधाला न जुमानणारे जंतू, कुणाला तेल खाणारे जंतू. माझ्या वाट्याला शिळा भात. वाट्याला आला असंही नाही, मीच ओढवून घेतला.

झालं असं की होस्टेलच्या मेसमध्ये एका सकाळी फोडणीचा भात खाऊन आम्ही तिघी मैत्रिणी दहाच्या सुमारास बाथरूमबाहेर रांगेत उभ्या होतो. नुसत्या उलट्या. ताप नाही, आणि संध्याकाळी तिघीही ठणठणीत. दुसऱ्या दिवशी गाइड मॅडमना सांगितलं तर काळजी राहिली बाजूलाच, त्यांचे डोळे चमकले.

"खाल्लंस किती वाजता? आणि पहिली उलटी?"

खाल्लं साडेसातला, उलटी साडेनऊला.

"दोन तास. उरलेला भात कुठाय?"

भात उरला नव्हता. भांडंसुद्धा घासून झालं होतं. म्हणजे आम्हाला नक्की कशाने झालं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं विषही इतक्याच वेळात उलट्या करवतं. पण भात म्हटल्यावर पहिला संशय बॅसिलस सेरियसवर जातो, आणि मॅडमनी तिथल्या तिथे विषय ठरवून टाकला.

हा जंतू मुळात मातीतला. खाचरातून तांदळाला चिकटून घरात येतो. दिवस वाईट आले की स्वतःभोवती कवच करून बीजाणू होऊन पडून राहतो. भात शिजताना जंतू मरतात, पण बीजाणू तग धरतात, उलट त्या उष्णतेने त्यांना जाग येते. भात कोमट झाला की ते रुजतात आणि साधारण अर्ध्या तासाला दुप्पट व्हायला लागतात. दहा तासांत वीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दहा लाख. त्यांच्यामुळे होणारे आजारही दोन. एक जुलाबाचा, खाल्ल्यावर ८ ते १६ तासांनी, त्यात विष आपल्या आतड्यात तयार होतं. दुसरा उलटीचा, अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत, त्यात विष आधीच भातात तयार असतं. त्या विषाचं नाव सेर्युलाइड.

वाचायला बसले तर विषय वाटला होता त्याहून रंगतदार निघाला. स्टाइनार हाउगे नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात व्हॅनिला सॉसमध्ये हा जंतू वाढवला आणि तो सॉस स्वतःच प्यायला, चांगला २०० मिली. तेरा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब. पेपर छापून आला. (आमच्या एथिक्स कमिटीने मला साधी प्रश्नावली वाटायला दीड महिना लावला.) दुसरी गोष्ट १९७० च्या दशकातली, ब्रिटनमधल्या चायनीज हॉटेलांची. तिथे फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडायचे. आचारी भात आदल्या दिवशी उकडून बाहेरच ठेवायचे, कारण फ्रीजमध्ये ठेवला की त्याचे गोळे होतात आणि परतताना शितं मोकळी होत नाहीत. हे वाचून मला हसू आलं. माझी आई हेच सांगते, "फोडणीचा भात करायचा असला की भात फ्रीजमध्ये घालू नये, चव जाते."

खरा खेळ सुरू झाला मिडियापासून. या जंतूसाठी एमवायपी नावाचा अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, लागतो. त्यात मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ, अंड्याचा बलक आणि पॉलिमिक्सिन हे औषध. पॉलिमिक्सिन इतर बऱ्याच जंतूंना रोखतं. मॅनिटॉल आंबवणाऱ्या जंतूंच्या कॉलनीभोवती, म्हणजे प्लेटवर उगवणाऱ्या त्यांच्या ठिपक्यांभोवती, अगार पिवळा पडतो. सेरियसला मॅनिटॉल पचत नाही, म्हणून तो गुलाबीच राहतो, आणि बलकातला लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ फोडत असल्यामुळे कॉलनीभोवती दुधाळ वलय उठतं. गुलाबी कॉलनी आणि पांढरं वलय, दिसायला फारच देखणी.

बलकाचं तयार इमल्शन विकत मिळतं, पण डिपार्टमेंटचं बजेट संपलेलं. मॅडम म्हणाल्या, अंडी आण आणि इथेच कर. आमचं घर माळकरी. बावीस वर्षांची होईपर्यंत मी अंडं हातात धरलेलं नव्हतं. लॅबमधल्या मामांनी शिकवलं. अंडं साबणाने धुवायचं, ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचं, बर्नरजवळ फोडायचं, पांढरं गाळून टाकायचं आणि पिवळं निर्जंतुक सलाइनमध्ये घोळायचं. पहिल्या खेपेला घाई झाली. अगार ५० अंशांपर्यंत उतरायच्या आधीच बलक ओतला आणि फ्लास्कमध्ये भुर्जी झाली. मामा डोकावून म्हणाले, "ताई, कांदा चिरू का?"

दुसऱ्या खेपेला प्लेटी सुरेख जमल्या. सॅम्पलच्या प्लेटीबरोबर नेहमीप्रमाणे एक कोरी प्लेटही इनक्युबेटरमध्ये ठेवली. तिच्यात काहीच उगवायला नको असतं. सकाळी बघते तर कोऱ्या प्लेटवर सात कॉलनी. गुलाबी आणि भोवती वलय! म्हणजे जो चोर मी भातात शोधत होते तो माझ्याच अगारमध्ये. पिपेट बदलले, सलाइन बदललं, लॅमिनार, म्हणजे गाळलेल्या हवेचं कामाचं कपाट, पुसून पुसून चकचकीत केला. दोन आठवडे असेच गेले. शेवटी मॅडमनी विचारलं, "अंडं कशाने निर्जंतुक केलंस?" अल्कोहोलने. "अल्कोहोलने बीजाणू मरतात?"

मरत नाहीत. हे मी पहिल्या वर्षाच्या पेपरात लिहून मार्क घेतलेले. अंड्याच्या कवचावरचे बीजाणू अल्कोहोलमध्ये आंघोळ करून निवांत माझ्या फ्लास्कमध्ये उतरत होते. मग मॅडमनी स्वतःच्या खिशातून इमल्शनची बाटली मागवली. ओळख पटवण्यासाठी खात्रीचा सेरियस हवा होता, तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) एनसीआयएम हा जंतूंचा राष्ट्रीय संग्रह आहे तिथून आणला. कोरी प्लेट कोरी राहिली त्या दिवशी मी मामांना भजी खिलवली.

आता मेस. चालवणाऱ्या मावशींची परवानगी काढायला गेले तर त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भातात किडं हुडकतीस व्हय गं? उद्या पेपरात नाव छापशील." नाव कुठेही येणार नाही असं लेखी दिलं तेव्हा हो म्हणाल्या. तरी पहिले दोन दिवस माझ्या ताटात भाजी अंमळ कमीच पडत होती.

रात्रीचं जेवण उरकलं की उरलेला भात मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात झाकून ओट्यावर राहायचा आणि सकाळी त्याला फोडणी बसायची. मी रात्री नऊला आणि सकाळी सहाला सॅम्पल घ्यायची, अधेमधे लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून तापमान बघायची. रात्री एकला स्वयंपाकघरात टॉर्च घेऊन पातेल्यावर वाकलेली मुलगी बघून वॉर्डन एकदा किंचाळल्या होत्या.

पातेल्याच्या मध्यभागी भात रात्री एकलाही ५८ अंश होता. हात लावला तर चटका बसेल असा. कडेचा भात मात्र तोवर कोमट, आणि सकाळी ३० च्या आसपास. मी आधी फक्त मधलाच भात घेत होते आणि प्लेटी जवळजवळ रिकाम्या येत होत्या. मला वाटलं प्रोजेक्ट बुडालं. एका सकाळी मधला भात मावशींनी आधीच काढून नेला होता, म्हणून नाइलाजाने कडेचा खरवडून घेतला. पंचवीस ग्रॅम भात, २२५ मिली पेप्टोन सलाइन, मग दहा-दहा पटीने पातळ करत जायचं आणि प्रत्येकातलं ०.१ मिली प्लेटवर पसरायचं. ३० अंशांना एक दिवस. दहा-वजा-तीनच्या, म्हणजे हजार पट पातळ केलेल्या, प्लेटवर ४२ कॉलनी आल्या. म्हणजे एका ग्रॅमला ४ लाख २० हजार. एक लाखाच्या पुढे गेलं की धोक्याचं धरतात. आदल्या रात्री त्याच भातात ग्रॅमला शंभरसुद्धा नव्हते. मधला भात गरम राहिल्यामुळे वाचत होता आणि कडेचा कोमट राहून बिघडत होता.

आता माझ्या हातून जवळजवळ झालेली चूक सांगते. फोडणी घातल्यावरही मी सॅम्पल घेतलं होतं. आकडा ४ लाख २० हजारांवरून थेट ८०० वर. मी खुशीत निष्कर्ष टाइप केला की व्यवस्थित परतल्यास शिळा भात खाण्यास सुरक्षित होतो. आईलाही फोन करून सांगितलं, ती म्हणाली, "मग! एवढं शिकून हेच कळलं ना?"

मॅडमनी ते वाक्य लाल पेनने आडवं-तिडवं खोडलं. शेजारी एकच शब्द, 'विष?' मी मोजलेले होते जिवंत जंतू. सेर्युलाइड मी मोजलंच नव्हतं, मोजायची सोयच आमच्याकडे नव्हती. त्याला एलसी-एमएसचं, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखणारं महागडं यंत्र लागतं. आमचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा कुकर, १२१ अंशांना पंधरा मिनिटं चालतो आणि त्यात बीजाणूसुद्धा जातात. सेर्युलाइडचं १२१ अंशांना दीड तास ठेवूनही काही बिघडत नाही. कढईतल्या फोडणीची तिथे काय कथा? उलट जंतू कमी झाल्यामुळे प्लेट छान दिसते आणि आपली फसगत होते. मॅडमनी मला एक पेपर दिला, ब्रुसेल्सच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याबद्दलचा. २००८ साली त्याने पाच दिवस बाहेर राहिलेला स्पॅगेटी गरम करून खाल्ला आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत तो गेला. आमच्याच वयाचा. मी तो पेपर रात्री मेसमध्ये बसून वाचला, आणि जेवण गेलं नाही.

आईला पुन्हा फोन करावा लागला. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे एवढी वर्षं आम्ही विष खाल्लं?" तसं नाही, प्रत्येक सेरियस ते विष करत नाही, करणारे थोडेच असतात. दुसरा प्रश्न, "दहीभाताचं काय?" आंबटपणात जंतू नीट वाढत नाही, पण दही कालवायच्या आधी जे तयार झालं ते आंबटपणाने जात नाही. तिसरा प्रश्न तिने विचारला नाही, फोन बाबांकडे दिला.

मावशींना मी भात परातीत पातळ पसरून लवकर गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा असं सांगायला गेले. त्यांनी एका दमात माझा निष्कर्ष झोपवला. परात एकच, तीत रात्रीच पोळ्यांची कणीक मळून ठेवायची असते, पसरलेल्या भाताला मुंग्या लागतात, आणि फ्रीज दुधाने भरलेला. यातलं एकही माझ्या आराखड्यात नव्हतं.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी एकच मुद्दा धरला. "हा सेरियसच कशावरून? थुरिंजिएन्सिस का नाही?" प्रश्न बरोबर होता. बीटी कापसाचा जनुक ज्या जंतूतून घेतला तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस आमच्या प्लेटवर हुबेहूब असाच दिसतो. त्याच्या पोटातले प्रथिनांचे स्फटिक मायक्रोस्कोपखाली शोधावे लागतात. मी सांगितलं, "सर, म्हणूनच शीर्षकात 'संभाव्य' लिहिलंय." तो शब्द घालायचा हट्ट मॅडमचा, मला तेव्हा तो कमीपणाचा वाटला होता. सरांनी मान हलवली आणि चहा मागवला.

दोन दिवसांनी सकाळी मेसमध्ये फोडणीचा भात होता. मी ताट हातात धरून तशीच उभी. मावशींनी बघितलं.

"रातचाच हाय. शिजवला कमी, आन् उरला तो डब्यातनं फ्रीजमधी ठिवला हुता. दूध खाली सरकिवलं. आता खा गप."

शितं चिकटून गोळे झाले होते. खाल्ला.