पिकअपचं इंजिन मागवण्याआधी

पिकअपला दुसरं इंजिन मागवण्याआधी काय बघायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नारायणगावात स्पेअर पार्ट्सचं दुकान असल्यामुळे टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की काउंटरवर हा प्रश्न येतोच: "दादा, पिकअपचं इंजिन गेलं. दुसरं मागवायचं तर कितीला पडेल आणि कधी येईल?" गाडी बहुतेक वेळा जुनी बोलेरो पिकअप असते. हप्ते फिटलेले, बॉडी शाबूत, आणि इकडे शेतात माल लाल व्हायला लागलेला. घाई मला समजते. तरी किंमत सांगण्याआधी मी एवढंच विचारतो, की जुनं इंजिन कशानं गेलं?

इंजिन बदललं तरी बाकीची गाडी तीच राहते, म्हणून हे विचारावं लागतं. रेडिएटर तोच, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) तोच, ऑईल कूलर तोच. बेअरिंग जाऊन इंजिन जाम झालं असेल तर झिजलेल्या बेअरिंगची पूड ऑईलबरोबर सगळीकडे फिरलेली असते. ओतूरकडच्या एका गाडीचा ऑईल कूलर मी मेकॅनिकला माझ्यासमोर डिझेलने धुवायला लावला होता. ट्रेच्या तळाशी बसलेला काळा गाळ बोटावर घेऊन उन्हात धरला, तर त्यात बारीक वर्ख मिसळल्यासारखी चमक दिसत होती. तो कूलर तसाच नव्या इंजिनाला जोडला असता तर पहिल्याच स्टार्टला ती पूड नव्या बेअरिंगांत शिरली असती. असा कूलर धुऊन वापरू नका, बदला. टर्बोला ऑईल नेणारी पाईपसुद्धा बदला. नव्या इंजिनाच्या मानाने हा खर्च फार मोठा नसतो.

गाडी तापून इंजिन गेलं असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल, जागेवर आहे का ते आधी बघा. आपल्याकडे गाडी तापायला लागली की "वॉल काढून टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. वॉल काढला की इंजिन हवं तेवढं गरमच होत नाही. डिझेल अर्धवट जळतं, ऑईल लवकर खराब होतं, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती सिलेंडरची आतली नळी) झिजतात. आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. ते कारण कित्येकदा बोअरचं पाणी असतं. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं हे जड पाणी ओतलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. सपाट रस्त्यावर काही कळत नाही, पण माळशेज चढताना काटा वर जातो. नव्या इंजिनाला हाच रेडिएटर लावला तर तेही त्याच घाटात बसेल.

इंजिन खरंच गेलंय का, हेही एकदा कंप्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावून तपासून घ्या. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात धूर मारतोय आणि चारही सिलेंडरचं कंप्रेशन उतरलंय, तर काम मोठं आहे. पण रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत आणि एखाद्याच सिलेंडरचं कंप्रेशन कमी आहे, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग बदलून, भागू शकतं.

एवढं झाल्यावर मग कुठलं इंजिन हवं ते ठरवायचं. इथे फक्त मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. जुन्या पंपाच्या डीआय इंजिनावरही २५२३ सीसी लिहिलेलं असतं आणि नंतरच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) इंजिनावरही २५२३ सीसीच. एकाचा पंप, इंजेक्टर, वायरिंग दुसऱ्याला चालत नाही. त्यात धुराचे बीएस-४ नियम सगळीकडे एकदम आले नाहीत. मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत ते एप्रिल २०१० पासून लागू झाले आणि देशभर एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे एकाच सालच्या दोन गाड्यांत दोन तऱ्हेची इंजिनं निघू शकतात. ब्लॉकवरची (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरची) इंजिन नंबरची जागा डिझेलच्या फडक्याने पुसा, नंबर दिसला की त्यावर खडू घासा म्हणजे अक्षरं उठून दिसतात, आणि फोटो काढा. तो फोटो आणि आरसी दोन्ही हातात असल्याशिवाय मी ऑर्डर देत नाही.

कुठून मागवायचं? रोज माल ओढणाऱ्या गाडीला मी कंपनीचं हाफ इंजिन सुचवतो. म्हणजे क्रँक-पिस्टन बसवलेला नवा ब्लॉक; हेड, पंप, टर्बो आपले जुनेच, तपासून घेतलेले. रिकंडिशन (जुनं उघडून दुरुस्त केलेलं) इंजिन घेणार असाल तर क्रँक किती अंडरसाईज, म्हणजे मूळ मापापेक्षा किती कमी, घासलाय आणि लायनर नवे आहेत का, हे बिलावर लिहून घ्या. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या बाजारातलं जुनं इंजिन स्वस्त पडतं, त्यात चांगलंही निघतं. पण ज्या गाडीतून ते काढलं तिचे कागद आणि पक्कं बिल मिळत नसेल तर ते कितीही गोड वाजत असलं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर तुमची गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात उभी राहील आणि माल शेतात सडेल.

कागदाचं आणखी एक. हाफ इंजिनाला आरटीओत जावं लागत नाही, असं खूप जण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर बोजा असेल तर बँकेला विचारा, आणि विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं. तिथे नंबर जुळला नाही तर ऐन हंगामात गाडी अडकते. अपघाताचा क्लेम अडकला तर त्याहून वाईट.

इंजिन खाली उतरलेलंच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं ऑईल सील आणि माउंटिंग बघून घ्या. नंतर यातलं काही गेलं तर पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी बसते. गाडी चालू झाली की पहिले हजार किलोमीटर अर्ध्याच लोडवर चालवा, मग ऑईल आणि फिल्टर बदला. "आजच वाशीला जायचंय, गाडी भरू का?" असं विचारतात, त्यांना मी भाड्याची गाडी करायला सांगतो. त्या एका फेरीचं भाडं परवडतं.

आणि एवढं सगळं करण्याआधी गाडी रॅम्पवर घ्या. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ चॅसीला तडा असेल, किंवा एकदा वेल्डिंग केलेल्या जागी पुन्हा तडा गेला असेल, तर त्या गाडीसाठी मी इंजिन मागवून देत नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल. मागच्या हौद्यात क्रेटवर मजूर बसलेले असतात.