पोर्ट वाइन प्यायची असेल तर आधी पिन्यांवला जा

पोर्तुगालमधल्या पोर्तोला जाणारे बहुतेक जण पूल ओलांडून विला नोव्हा दी गायाच्या गोदामांमध्ये टेस्टिंग करतात आणि परत फिरतात, पण माझं ऐकाल तर साओ बेंतो स्टेशनवरून दोउरो नदीच्या काठानं जाणाऱ्या दोउरो लाइनची ट्रेन पकडा, उजवीकडची खिडकी धरा आणि पिन्यांव गावात उतरा, कारण या वाइनसाठी घाम गाळणारी माणसं तिकडे वर डोंगरात आहेत.

पिन्यांवच्या स्टेशनवरच निळ्या टाइल्सवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. ती बघून चढाला लागलो. मातीला माती म्हणावं असं काही नाहीच, नुसता शिस्ट, बोटांनी सोलला तर पापुद्रे निघतात असा दगड. तोच फोडून, कोकणात गडगा घालतात तसे चुना-सिमेंट न लावता बांध रचलेत, डोंगराच्या माथ्यापर्यंत. एका बांधाला हात लावून बराच वेळ उभा होतो, हे सगळं माणसांनी हातानं केलंय हे खरंच वाटेना.

आता व्यापाराचं. 1703 च्या मेथुएन तहानं इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी झाली, मग काय, मागणी जोरात आणि धंदा बराचसा ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या हातात. भेसळही आली, रंग यायला एल्डरबेरी या गडद रंगाच्या फळाचा रस घालायचे. शेवटी 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं या वाइनसाठी सरकारी आश्रयाची कंपनी काढली, पुढं ग्रॅनाइटचे 335 खांब रोवून वाइनच्या प्रदेशाची हद्द ठरवली, आज आपण जीआय (भौगोलिक मानांकन) म्हणतो त्याच विचाराची गोष्ट. एल्डरबेरीची झाडंही उपटायला लावली. पण 1757 मध्ये पोर्तोत कंपनीविरुद्ध दंगल झाली तेव्हा लोकांना फासावर चढवलं, तेही विसरायला नको.

द्राक्षांचा रस अर्धा आंबला की त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात, आंबणं थांबतं, गोडी टिकते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. मग पूर्वी 550 लिटरची पिंपं राबेलो नावाच्या होड्यांतून खाली गायाला जायची. नदी तेव्हा भयंकर होती, दोउरोचे नकाशे काढणारा बॅरन फॉरेस्टर स्वतः 1861 मध्ये वालेइराच्या धारेत बुडाला. त्याच दशकात द्राक्षवेलींची मुळं पोखरणारी फिलॉक्सेरा कीड आली आणि कित्येक बांध पडीक झाले ते आजही तसेच दिसतात, वर झाडोरा माजलाय.

मला सगळ्यात लागलं ते हे, की 1986 पर्यंत पोर्ट निर्यात करायची तर ती गायातूनच जायला हवी असा नियम होता, म्हणजे गायात गोदाम नसलेल्या बागायतदाराला स्वतःच्या नावानं बाहेर विकताच येईना. आता छोट्या किंता, म्हणजे द्राक्षमळे, स्वतः बाटल्या भरून विकतात, त्यांच्याकडूनच घ्या. सप्टेंबरात गेलात तर तोडणी चालू असते, काही ठिकाणी अजूनही ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी द्राक्षं तुडवतात, पाहुण्यांनाही उतरू देतात, फक्त आधी विचारून बुक करा.